फॅमिली डॉक्टर आणि मनाचे दुखणे

‘मन खिन्न आहे’ अशी तक्रार घेऊन आपल्याकडे कोणी डॉक्टरकडे जात नाही. झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, छातीत धडधडते, एवढेच रोगी सांगतो. घरची मंडळी देवाचा कौल घेऊन आलेली असतात. डॉक्टर शक्तीचे इंजेक्शन टोचून त्याला वाटेला लावतो. मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढण्याची रोग्याला लाज वाटते, फॅमिली डॉक्टरची वाटत नाही. म्हणूनच नैराश्याचा आजार ओळखण्याचे व त्यावर उपचार करण्याचे शिक्षण प्रथम या डॉक्टरला मिळाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाल्टिक समुद्रातील गॉटलंड या स्वीडिश बेटावर १९८३-८४ मध्ये तेथील डॉक्टरांना असे शिक्षण देण्यात आले. १९८५ मध्ये बेटावरील आत्महत्या लक्षणीय घटल्या. पुढे शिक्षण थांबले, शिकलेले अनेक डॉक्टर बेट सोडून गेले आणि काही वर्षांतच आत्महत्यांचे प्रमाण पूर्ववत झाले. लहानशा बेटाच्या आकड्यांवर मोठा इमला उभारू नये, हे खरे. तरीही एक गोष्ट डोळ्यांत भरते: लाभ झाला तो मुख्यतः स्त्रियांना, पुरुष डॉक्टरकडे फारसे फिरकलेच नव्हते. (आपल्याकडचा पुरुष मनाचे ओझे घेऊन कोठे जाऊन बसतो, हे गोमंतकीयांना सांगायला नको.)

खुद्द गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टरच्या जोडीला प्रशिक्षित समुपदेशक दिले होते, तेथे सहा महिन्यांनी शेकडा ६५.९ रुग्ण बरे झालेले आढळले. इतर केंद्रांत ४२.५. खाजगी डॉक्टरांकडे मात्र समुपदेशक असो वा नसो, हे प्रमाण ६४ ते ६६ च्या घरातच राहिले. घराण्याची ओळख असलेला डॉक्टर निम्मे समुपदेशन नकळत करीत असावा, असा आम्ही याचा अर्थ लावतो. सरकारी केंद्रातील डॉक्टरपुढे रांग असते. त्याला नुसते शिकवून भागणार नाही, जोडीला माणूस हवा.

हारतुरे आणि छायाचित्रे यांत संपणारे एक दिवसाचे शिबिर आम्हांला अभिप्रेत नाही. गेल्या पंधरा दिवसांत मन उदास होते काय, नेहमीच्या कामांत गोडी उरली आहे काय, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागण्यास वेळ लागतो. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, असे विचारल्याने तो विचार रोग्याच्या मनात शिरत नाही, हेही डॉक्टरला पटवावे लागते. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ते पहिल्या दिवशी सांगितले नाही, तर आठव्या दिवशी रोगी गोळ्या फेकून देतो. आरोग्य खात्याने हे शिक्षण दरवर्षी, तालुक्यातालुक्यांत आणि खाजगी डॉक्टरांनाही सामावून घेऊन द्यावे.