रुग्णाची भूमिका करणारे नर्सिंगचे विद्यार्थी

ठरवून दिलेला आजार, त्याची हकिगत आणि स्वभाव आत्मसात करून रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती म्हणजे अभिरूप रुग्ण. वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये आणली. नर्सिंगमध्ये अनेकदा वर्गातलेच विद्यार्थी ही भूमिका करतात.

त्यांना आधी प्रसंगाचा कागद मिळतो. आपणहून काय सांगायचे आणि विचारल्यावरच काय सांगायचे, हे त्यात लिहिलेले असते. अवघड गोष्ट म्हणजे स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवणे. निदान ठाऊक असल्याने विद्यार्थी नकळत पुस्तकी शब्द वापरतो. उदाहरणार्थ, आदिलाबाद जिल्ह्यातल्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या तलमडुगु भागात तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडीही बोलली जाते. तिथल्या कापूस वेचणाऱ्या बाईची भूमिका करणारी विद्यार्थिनी ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणणार नाही. ‘डोकं गरगरतं, हातापायांत जीवच नाही’ म्हणेल. त्यावरून रक्तक्षयाची शंका घेणे हे समोरच्या विद्यार्थिनीचे काम. मराठी येणाऱ्या विद्यार्थिनीचा अशा भूमिकेसाठी मोठा उपयोग होतो.

इंजेक्शन, सलाईन यांसारख्या क्रिया मात्र सरावाच्या पुतळ्यावरच होतात. तपासणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सारखीच उत्तरे मिळावीत म्हणून तालीम घेतली जाते. शेवटी भूमिकेतून बाहेर येऊन विद्यार्थी रुग्ण म्हणून काय वाटले ते सांगतो: न विचारता पांघरूण ओढले गेले, प्रश्न घाईने विचारले गेले. घरात तसाच आजार असलेल्या विद्यार्थ्याला ती भूमिका नाकारता आली पाहिजे.