किल्ली पोरांच्या हातात आहे

आमच्या खानापूर-आटपाडीच्या आणि पलीकडच्या खटाव-माणच्या गावांत एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. घरातला कर्ता माणूस घरात नसतो. तो केरळात, पंजाबात, दिल्लीत, कुठल्या तरी सराफी पेठेतल्या गल्लीत सोनं-चांदी आटवत बसलेला असतो. गलाईचा धंदा इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मुलं शाळेसाठी गावी, आजी-आजोबांजवळ. मी माध्यमिक शाळेत एकोणीस वर्षं गणित आणि संगणक शिकवते. माझ्या नववीच्या वर्गात दर वर्षी दहा-बारा मुलं तरी अशी असतात, ज्यांना आईवडील रोज दिसतात ते फोनच्या काचेत.

अशा घरात फोन आजीचा, सिम वडिलांच्या नावावर आणि चालवणारं नातवंड. पीएम किसानची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, पीक विमा, गॅसचा नंबर, वीजबिल, सगळं तेरा-चौदा वर्षांची मुलं करतात. “काय आलंय बघ गं बाय,” म्हणून आजी फोन पुढं करते आणि नात सहा आकडे मोठ्यानं वाचते. पलीकडं कोण ऐकतंय, हे दोघींनाही ठाऊक नसतं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरची गोष्ट. वर्गातली एक हुशार मुलगी चार दिवस गप्प होती. डबा उघडायची नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेमागं येऊन उभी राहिली. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली होती. पाठवणारा ओळखीचा, भावकीतलाच. तिनं ती उघडली, फोननं विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांना ‘अलाउ’ केलं आणि फोन उशाशी ठेवून झोपली. रात्रीत आजीच्या खात्यातून सेहेचाळीस हजार गेले. स्लॅबसाठी वडिलांनी पाठवलेले. सकाळी मेसेज तिनंच आधी पाहिले आणि पुसून टाकले.

“सांगितलं का नाहीस गं?”

“आज्जी रडंल. आन् पप्पा मारतील.”

आम्ही तक्रार केली. पैसे मिळाले नाहीत. तोवर ते कुठल्या कुठल्या खात्यांतून पुढं निघून गेले होते.

ती फाइल काय करते, हे प्रत्येक पालकानं एकदा समजून घ्यावं. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप. कधी ते पीएम किसानचं नाव घेऊन येतं, कधी आरटीओच्या चलनाचं, कधी लग्नपत्रिकेचं. आत आल्यावर मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी चोरालाही दिसतो. तुम्ही कुणाला काही सांगायची गरजच उरत नाही. पुढं तेच अ‍ॅप तुमच्या नंबरावरून ग्रुपमध्ये स्वतःची फाइल पाठवतं. म्हणून ती भावकीतल्या माणसाकडून आल्यासारखी दिसते, आणि भावकीतल्या माणसावर कोण शंका घेणार?

अशा वेळी लगेच १९३० ला फोन लावायचा. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा नंबर आहे. तिथं तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि रक्कम तिथं असेल तर गोठवता येते. चोर एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पैसे फिरवत असतो. म्हणजे ही धावण्याची शर्यत आहे. पहिल्या तासात फोन गेला तर आशा असते. त्या मुलीचे चार दिवस भीतीनं खाल्ले.

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी मुलांना सीपीयू म्हणजे काय, माउस किती प्रकारचे असतात, हे पाठ करून घेत होते. घराची किल्ली त्यांच्या हातात होती आणि कुलूप कसं लावायचं ते मी एकदाही दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून शनिवारचा एक तास मी यासाठी ठेवलाय. शाळेत फोन आणायला बंदी, म्हणून सगळं खडू-फळ्यावर. पहिल्या तासाला मुलांना चिठ्ठीवर लिहायला सांगते की पासवर्ड कशावरून ठेवता. पासवर्ड लिहायचा नाही, फक्त कशावरून ते. चिठ्ठ्या उघडल्या की हसू येतं आणि पोटात गोळाही. निम्म्या चिठ्ठ्यांवर गाडीचा नंबर. सांगलीकडचा असेल तर एमएच १०, साताऱ्याचा एमएच ११, कराडचा एमएच ५०. बाकी कुलदैवताचं नाव, गावाचं नाव, स्वतःचं नाव आणि पुढं १२३. गाडी तर दारात उभी असते, नंबर सगळ्या गल्लीला दिसतो! मग आम्ही फळ्यावर एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जुळवतो. शेवगा, बुधवार, कंदील, पायतान. लांब पासवर्ड मशीनला फोडायला जड जातो आणि चित्र डोळ्यांपुढं आणलं की मुलांच्या लक्षात राहतो. वर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं की पासवर्ड फुटला तरी दुसरी कडी राहते. यूपीआयचं एक वाक्य तर वर्गानं सुरात म्हणायचं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत.

मुलांना सगळ्यात आवडतो तो फोटोचा तास. भाच्याच्या वाढदिवसाचा एक साधा फोटो मी मोठा छापून आणलाय. त्यावरून काय काय कळतं ते शोधायचं. पहिल्याच वर्षी दहा मिनिटांत अकरा गोष्टी निघाल्या. गणवेशावरच्या बिल्ल्यामुळं शाळा कळली, केकवरच्या आकड्यामुळं वय. मागं ग्रामपंचायतीची पाटी, दारात मोटारसायकलचा नंबर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हे गाडीला’. एक पोरगा मागून ओरडला, “मॅडम, म्हणजे त्या दिवशी घरात गडीमाणूस न्हाई!” वर्ग एकदम शांत झाला. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी वर्षातले दहा महिने गडीमाणूस नसतो आणि ते फोटोंतून जगाला दिसतं, हे त्यांचं त्यांना उमगलं. मला एक अक्षर बोलावं लागलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एका मुलानं विचारलं, “आपण काही वाईट करत नसू, तर लपवायचं कशाला?” प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला प्रतिसरकारची आठवण करून दिली. १९४३ ते १९४६ या काळात याच सातारा-सांगलीच्या मातीत गावागावांत इंग्रजांना न जुमानणारं सरकार चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत होते आणि त्या काळात इंग्रजांना ते सापडले नाहीत. का सापडले नाहीत? आज रात्री कुणाच्या वस्तीवर मुक्काम, हे ज्याला कळायला हवं त्यालाच कळायचं. भाकरी पोचवणारी बाई गप्प, गुराखी पोरगं गप्प. त्यात वाईट काय होतं? प्रतिसरकारचं कुंडल आमच्यापासून लांब नाही. वर्गातल्या काहींच्या पणज्यांनी अशा भाकऱ्या भाजल्या आहेत. गुपित राखणं हे पाप नाही, आणि आपल्याबद्दल कुणाला किती कळू द्यायचं हे आपण ठरवायचं असतं, हे पोरांना तेव्हा पटलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, हे मी त्यानंतर सांगते. आधी सांगितलं तर ते नागरिकशास्त्राच्या वहीत जाऊन पडतं.

अवघड भाग मुलींच्या, आणि मुलांच्याही, फोटोंचा. अनोळखी माणूस आठ-पंधरा दिवस गोड बोलतो, एक फोटो मिळवतो, मग धमकी सुरू होते. आता तर साध्या चेहऱ्यावरून घाणेरडा फोटो मशीन बनवून देतं. इथं मी मुलांना तीनच गोष्टी सांगते: एक पैसाही द्यायचा नाही, मेसेज पुसायचे नाहीत, आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे. ‘टेक इट डाउन’ ही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठीची मोफत सेवा आहे. तिथं फोटो पाठवावा लागत नाही. फोटोचा अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडा फोनमध्येच तयार होतो, तेवढाच जातो आणि या सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तो फोटो हुडकून काढून टाकतात.

दुसऱ्याच्या अकाउंटवरून त्याच्या नावानं काहीही लिहिणं ही मुलांना गंमत वाटते. त्यांना मी सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीची आठवण करून देते. सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून तिथं जमाव उसळला, एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. एखाद्याच्या नावानं आलेला मजकूर त्यानंच लिहिला, असं डोळे झाकून मानायचं नाही. आपलं अकाउंट उघडं टाकून आपल्या नावानं भलत्याला लिहू द्यायचं नाही. आणि पुढं पाठवायच्या आधी अंगठा थांबवायचा.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये एक नेम सुरू केला. संध्याकाळी सातला देवळावरून भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले फोन, टीव्ही बंद. मला या गावाचा अभिमान वाटतो. एक गोष्ट विशेष, की तिथं मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा असतो. पण साडेआठनंतर फोन पुन्हा हातात येतोच. आमच्याकडं तर तीच वडिलांच्या व्हिडिओ कॉलची वेळ, दुकान बंद करून ते तेव्हाच मोकळे होतात. फोन काढून घेणं हा आमच्या मुलांसाठी उपाय नाही. त्यात त्यांचे आईवडील राहतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीशीर संमती लागणार आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होईल. चांगलंच आहे. पण आमच्या गावांत पालकांच्या वतीनं ‘मान्य’वर टेकणारं बोट नववीतल्या पोरीचंच असतं. कायदा पोचेपर्यंत तिला शिकवायला हवं, आणि तिच्या घरच्यांनाही.

म्हणून गावाबाहेर असलेल्या पालकांना माझं सांगणं आहे. गावच्या यात्रेला याल तेव्हा एक संध्याकाळ शाळेसाठी ठेवा. फोन घेऊन या, तासाभरात सगळी कुलपं लावून देऊ. त्याआधी आज रात्रीच्या कॉलवर पोरांना एवढंच सांगा, की काहीही झालं, पैसे गेले, फोटो गेला, तरी पहिला फोन मला कर, मी रागावणार नाही. आणि आजीला सांगून चार्जरच्या वरच्या भिंतीवर ठळक अक्षरात १९३० लिहून घ्या.