गाळ फेकला नाही म्हणून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नागपूरच्या पूर्वेला भांडेवाडी आहे. शहराचा कचरा आणि सांडपाणी, दोहोंचा मुक्काम तिथेच. याच भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी मोठ्या नळांतून कोराडीच्या वीजकेंद्राला जाते आणि तिथली यंत्रे थंड ठेवते. त्यासाठी उभारलेल्या केंद्राची क्षमता रोज १३ कोटी लिटरची आहे. महानिर्मिती कंपनी या पाण्याचे महापालिकेला पैसे मोजते आणि पेंच धरणातले तेवढे पाणी माणसांसाठी उरते. ज्याला पाहून आपण नाकाला रुमाल लावतो, त्याला गिऱ्हाईक मिळाले!

सांडपाण्यात घाण असते तरी किती? हजारात एक भागसुद्धा नाही. बाकी सगळे पाणीच. चिंध्या-प्लास्टिक जाळीत अडकते, रेती तळाशी बसते. पंचाईत होते ती विरघळलेल्या घाणीची. ती खायला जिवाणू लागतात आणि जिवाणूंना हवा लागते.

मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोन रसायनशास्त्रज्ञांनी बाटलीत सांडपाणी भरून त्यात हवा सोडली. पाणी पुरते शुद्ध व्हायला काही आठवडे लागले. पण वरचे पाणी ओतून देताना त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही. त्यावरच नवे सांडपाणी घातले, पुन्हा हवा दिली. असे करता करता आठवड्यांचे काम काही तासांवर आले, कारण त्या गाळात भुकेल्या जिवाणूंची वस्ती वाढत गेली होती. १९१४ साली त्यांनी हे जाहीर केले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. आजही जगभरातली असंख्य केंद्रे याच 'सक्रिय गाळा'वर चालतात.

हा गाळ वाढतच राहतो. जादा गाळ बंद टाकीत, हवेवाचून कुजवला की मिथेन वायू मिळतो. त्यावर इंजिन चालते, वीज होते. उरलेला गाळ वाळवून शेतात घालता येतो. नत्र आणि स्फुरद त्यात असतेच. मात्र जंतांची अंडी फार चिवट असतात. नीट कुजवल्या-तापवल्याशिवाय तो गाळ भाजीला घालू नये. आणि गटारात कारखान्याचे पाणी मिसळत असेल, तर त्यातले क्रोमियम, कॅडमियम कोणताही जिवाणू पचवू शकत नाही. ते गाळात राहते. असा गाळ खत म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे.

लोकांच्या मनातला विटाळ मात्र टाकीत धुतला जात नाही. वजूच्या पाण्याबद्दल आम्हाला लहानपणी तीन खुणा शिकवल्या जात: रंग, चव, वास. सौदी अरबस्तानातल्या धर्मपंडितांच्या मंडळाने १९७८ साली याच कसोटीवर निर्णय दिला की, पुरेसे शुद्ध केलेले सांडपाणी पाक आहे, त्याने वजूही चालेल. पिण्यासाठी मात्र शक्यतो टाळावे, असेही सुचवले. मला हा निवाडा मोठा समंजस वाटतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज सुमारे ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी निघत होते आणि प्रक्रिया होत होती २,०२३ कोटी लिटरवर. राहिलेलेही वापरले जातेच. नाल्याला पंप लावून त्यावर पालक, मेथी, कोथिंबीर पिकते आणि सकाळी आपल्याच दारात हातगाडीवर येते.