परसबागेतील फुलपाखरांचे निरीक्षण
परसबागेतील फुलपाखरांचे निरीक्षण म्हणजे घराभोवतीच्या झाडांवर अंडी, अळी, कोश व प्रौढ या चारही अवस्थांची नियमित नोंद घेणे होय. लिंबू व कढीलिंब ही त्यासाठी सोयीची झाडे आहेत. लिंबू फुलपाखराची (शास्त्रीय नाव: पॅपिलिओ डेमोलियस) मादी त्यांच्या कोवळ्या पानांवर सुटी अंडी घालते. अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे ती भक्षकांच्या नजरेतून सुटते. शेवटच्या टप्प्यात ती हिरवी होते. डिवचल्यास ती डोक्यामागून उग्र वासाचा दुभंगलेला अवयव बाहेर काढते. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळीही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. अळ्या दिसताच कीटकनाशक फवारल्यास बागेत फुलपाखरेही उरत नाहीत. मोठे झाड थोड्या पानांची हानी भरून काढते. लहान रोपावरील अळ्या मोठ्या झाडावर हलवता येतात.