विमा किमतीचा की दुखण्याचा?

आमच्या भिशीत पूर्वी दागिन्यांवर बोलणं व्हायचं, मग मुलांच्या क्लासेसवर, आणि हल्ली कुत्र्यांवर होतं. बाराजणींपैकी पाचजणींच्या घरी कुत्रं आहे. दोन लॅब्रॅडॉर, एक पग, एक पॉमेरियन आणि आमची चिमी. चिमी अस्सल गावठी, मंडईमागच्या गल्लीत पावसात भिजत बसलेली होती ती मुलानं उचलून आणली. तर एकीच्या ओळखीचा विमा एजंट "वहिनी, आता कुत्र्याचाही विमा निघतो, वर्षाला फक्त साडेसातशेत" असं सांगून गेला आणि सगळ्याजणींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचवीस वर्षं पतसंस्थेत नोकरी केलेली. त्यामुळे बारीक अक्षरांचे कागद वाचायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. कागद आणले, वाचले, डॉक्टरांशी बोलले, दोन कंपन्यांच्या ऑफिसांत जाऊन बसले. हाती जे लागलं ते तुम्हालाही सांगते.

मैत्रिणींनो, 'कुत्र्याचा विमा' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. जुना प्रकार म्हणजे न्यू इंडिया, ओरिएंटल अशा सरकारी विमा कंपन्या फार पूर्वीपासून देत आल्या तो. गाई-म्हशींच्या विम्याचं हे धाकटं भावंड. जनावराची बाजारातली किंमत ठरवायची, त्यावर हप्ता भरायचा आणि आजारानं किंवा अपघातानं ते दगावलं तर ती किंमत हाती घ्यायची. म्हशीच्या बाबतीत हे अगदी रास्त आहे. म्हैस गेली की घरातलं दूध गेलं, दुसरी आणावीच लागते. पण कुत्र्याचं तसं असतं का हो? एजंटच्या साडेसातशेचं गणित सरळ होतं. लॅब्रॅडॉरची किंमत १५,००० रुपये धरायची, त्याचे पाच टक्के ७५०. कुत्रं मेलं तर पंधरा हजार. पण ते आजारी पडलं, दहा दिवस सलाईनवर राहिलं आणि देवाच्या दयेनं वाचलं, तर या पॉलिसीतून एक पैसाही मिळायचा नाही.

मी त्याला म्हटलं, "आमच्या चिमीची किंमत काय लिहिणार?" त्याचं पेन तिथंच थांबलं. गल्लीतून उचललेल्या कुत्रीला बाजारभाव कुठला!

दुसरा प्रकार दुखण्याचा. शस्त्रक्रिया, दवाखान्यात दाखल करणं, हाड मोडणं, अशा खर्चाचा. अमेरिकेत असली पहिली पॉलिसी १९८२ साली टीव्हीवरच्या लॅसीला दिली म्हणे. आपल्याकडे या प्रकाराचा बोलबाला झाला तो २०२० नंतर. त्या वर्षी पुण्याच्या तेव्हाच्या बजाज अलायन्झनं कुत्र्यांसाठी अशी पॉलिसी काढली आणि तिच्यात वंशावळीच्या कुत्र्यांबरोबर गावठी आणि संकरित कुत्रीही घेतली. मग आणखी काही खासगी कंपन्या या धंद्यात उतरल्या. म्हणून कुणीही पॉलिसी घेऊन आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा विमा माझ्या कुत्र्याच्या किमतीचा आहे की दुखण्याचा? या एका प्रश्नावर निम्मे एजंट गडबडतात, हे मी पाहिलंय.

आता दुखण्याचा विमा घ्यायचा ठरवलं तरी स्वस्त हप्ता म्हणजे स्वस्त विमा असं नाही. दोन पॉलिसी समजा. पहिलीचा हप्ता २,००० रुपये, संरक्षण ५०,००० चं, पण आत बारीक अक्षरांत लिहिलंय की एका आजाराला १५,००० च्या वर मिळणार नाहीत. दुसरीचा हप्ता ३,२०० रुपये, संरक्षण ४०,००० चं, आजारावर मर्यादा नाही, फक्त बिलाचा दहा टक्के वाटा आपण उचलायचा. कुत्र्याच्या पायाच्या शस्त्रक्रियेचं बिल तीस हजार झालं. पहिली देते पंधरा, दुसरी देते सत्तावीस हजार. बाराशे रुपयांच्या फरकात बारा हजार गेले की! पन्नास हजाराचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्याला भुलायचं नाही. 'एका आजाराला किती' आणि 'माझा वाटा किती' हे दोन आकडे शोधून त्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची.

किरकोळ तपासणीचं, म्हणजे ओपीडीचं संरक्षण जास्तीचे पैसे भरून मिळतं. मला ते पटलं नाही. आमच्यासारख्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तिथं नाममात्र फी असते. जुलाब, खरूज, गोचीड यांवरचा खर्च घरखर्चातून निघतो. त्यासाठी वर्षाला हजार-दीड हजार जास्त भरायचे आणि मग दोनशेच्या बिलासाठी फॉर्म भरत बसायचं, हा कुठला हिशोब? विमा घ्यावा तो घराचं बजेट कोलमडेल अशा खर्चासाठी.

आणखी एक गोष्ट एजंट आपणहून सांगत नाहीत. माणसांच्या दवाखान्यासारखं कार्ड दाखवून 'कॅशलेस' इथं क्वचितच होतं. बहुतेक ठिकाणी आधी आपण पैसे भरायचे, मग बिलं पाठवायची, मग परतावा. म्हणजे विमा असला तरी रात्री अकरा वाजता हातात रोकड लागणारच. त्याची सोय वेगळी करावी लागते.

जातीप्रमाणे काळजी वेगळी. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डना खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष असतो, पगला चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास. अनेक पॉलिसींत 'जन्मजात आणि आनुवंशिक आजार वगळून' अशी एक ओळ असते. ती ओळ असेल तर लॅबवाल्यांनी ज्या दुखण्याच्या भीतीनं विमा घ्यायचा तेच दुखणं बाहेर राहिलं. गावठीचा हा त्रास कमी, पण ती मोकळी हिंडते, तेव्हा गाडीची धडक आणि मारामारीच्या जखमा जास्त. वयाचंही पाहा. आधीपासून असलेला आजार कुठलीच पॉलिसी घेत नाही, आणि वय वाढलं की नवीन पॉलिसी मिळत नाही. सरकारी कंपन्यांच्या जुन्या पॉलिसीत साधारण आठ आठवड्यांपासून आठ वर्षांपर्यंतची मर्यादा असते. शिवाय पॉलिसी घेतल्याबरोबर आजाराचं संरक्षण लागू होत नाही, काही दिवस थांबावं लागतं. कुत्रं खायचं बंद झाल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही.

आता माझ्या जाऊबाईंचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त चटका तिथंच लागला. त्यांचा ब्रूनो दीड वर्षाचा. डिस्टेंपर झाला. आधी ताप, नाक-डोळे गळायला लागले, मग झटके. पंधरा दिवस जाऊबाई रात्री त्याच्याजवळ जमिनीवर झोपल्या, पण तो गेला. विमा होता, क्लेम केला, नामंजूर! का, तर लसीकरणाच्या कार्डावर लसीची चिकटपट्टी होती, तारीख होती, पण डॉक्टरांची सही-शिक्का नव्हता. औषधाच्या दुकानातला पोरगा घरी येऊन इंजेक्शन टोचून जायचा, तो कुठला शिक्का मारणार? डिस्टेंपर, पार्वो, लेप्टोस्पायरोसिस, रेबीज हे लस असलेले आजार आहेत आणि लस वेळेवर दिल्याचा पुरावा नसेल तर यांतल्या कशाचाही पैसा मिळत नाही, असं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं होतं. कायद्यानं कंपनी चुकीची नव्हती. पण पॉलिसी विकताना ते कार्ड एकदा उघडून बघायला कुणाला पाच मिनिटं नव्हती, याचा राग माझ्या मनातून जात नाही.

सही कुणाची, हाही मुद्दा आहे. आपल्या भागात पशुधन पर्यवेक्षकांनाही सरसकट 'डॉक्टर' म्हणतात. माणसं अनुभवी असतात, माझा त्यांच्यावर राग नाही. पण भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे नोंदणी असते ती पदवीधर पशुवैद्याची, आणि कंपनीला चालतं ते त्याचंच प्रमाणपत्र. बिलावर कुत्र्याचं नाव, आजाराचं नाव, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. 'औषधं – ८०० रु.' असं वहीच्या कागदावर लिहून दिलेलं बिल कचऱ्याच्या भावाचं.

मळ्यातल्या एका ओळखीच्यांचं वेगळंच झालं. त्यांचा शेफर्ड ऊस तोडताना साप चावून गेला. संध्याकाळ व्हायच्या आत पोरांनी बांधावर खड्डा करून, वर हळद-कुंकू वाहून त्याला पुरलं. आपल्याकडे असंच करतात. विम्याची आठवण तिसऱ्या दिवशी झाली. कंपनीनं शवविच्छेदनाचा अहवाल मागितला, मेलेल्या कुत्र्याचे फोटो मागितले. यातलं काहीच नव्हतं. मृत्यूचं संरक्षण घेतलं असेल तर किती तासांत कळवायचं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, नुसतं पॉलिसी घेणाऱ्याला नव्हे.

मेलेलं कुत्रं तेच होतं कशावरून, हाही कंपनीचा प्रश्न असतो. त्यासाठी फोटो लागतात, काही ठिकाणी नाकाचा ठसा घेतात, कारण माणसाच्या अंगठ्यासारखा तो प्रत्येक कुत्र्याचा वेगळा असतो. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिपही बसवतात, तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. चिप असेल तर काही कंपन्या हप्त्यात थोडी सूट देतात. पण चिपेचा खर्च आणि सूट यांचा मेळ आधी घालून बघा. निव्वळ सुटीसाठी ती परवडत नाही.

एक संरक्षण मात्र मी आग्रहानं घ्यायला सांगेन. आपलं कुत्रं दुसऱ्याला चावलं, किंवा अंगावर धावून कुणी सायकलवरून पडलं, तर भरपाईचं. वाड्यात, चाळीत, बोळात राहणाऱ्यांना याची गरज बंगलेवाल्यांपेक्षा जास्त. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे जनावराची नीट काळजी न घेतल्यामुळे दुसऱ्याला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो दंड विमा भरत नाही. पण समोरच्याच्या दवाखान्याचा खर्च अंगावर आला तर हे संरक्षण कामी येतं.

क्लेम विनाकारण अडवला असं वाटलं तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, पोच घ्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत, तिथं वकील लागत नाही आणि फी नाही.

चिमीसाठी मी काय केलं ते विचाराल. सगळ्यात आधी तिचं ऑपरेशन करून घेतलं. ऑपरेशन न केलेल्या मादीला मध्यम वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, मग ऐनवेळी जिवावरची शस्त्रक्रिया. आम्ही वाईहून खंबाटकी घाट ओलांडून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. अशी महाविद्यालयं परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरलाही आहेत. परळचं तर १८८६ पासूनचं. तिथल्या रुग्णालयांत खासगीच्या मानानं खर्च खूपच कमी येतो, हे पुष्कळजणींना ठाऊकच नसतं. नसबंदीचा खर्च विमा देत नाही, पण माझ्या मते त्याहून मोलाचा खर्च दुसरा नाही.

मग दुखण्याची साधी पॉलिसी घेतली. शस्त्रक्रिया आणि दाखल होणं, त्यावर चावण्याच्या भरपाईचं संरक्षण, बस्स. ओपीडी नको, चोरीचं नको. आमच्या चिमीला कोण चोरणार! वयाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न होता, तर डॉक्टरांनी दात पाहून 'अंदाजे दोन वर्षे' असं लिहून दिलं आणि ते चाललं. ओपीडीचे वाचलेले पैसे आणि वर थोडी भर घालून महिना तीनशेची एक वर्षाची आरडी बँकेत काढली. मुदत संपली की रक्कम बचत खात्यात जाते, तिला हात लावायचा नाही. रात्री अकराची रोकड ती.

येत्या शनिवारी तिचा रेबीजचा वार्षिक डोस आहे. रिक्षावाले तिला बसू देत नाहीत, म्हणून आमचे हे तिला स्कूटरवर पुढं पोतं अंथरून घेऊन जातात. कार्डावर सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नंबर घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी त्यांना आत्तापासूनच बजावून ठेवलंय.