उसनं घेतलेलं ‘घेणं’

लंडनच्या नैर्ऋत्येला बेसिंगस्टोक आहे आणि त्याला खेटून ओल्ड बेसिंग हे गाव. जानेवारी ८७१ मध्ये इथे वेसेक्सचा राजा एथेलरेड आणि त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड यांना डॅनिश फौजेने हरवलं. तेव्हा ‘घेणे’ या अर्थी इंग्रज ‘निमन’ म्हणत. जर्मन ‘नेमन’ त्याचंच भावंड. शत्रूचं क्रियापद होतं ‘ताका’. आजचं ‘टेक’ त्यातून आलं, पण या विजयामुळे नव्हे. ८७८ मध्ये आल्फ्रेडने डॅनिशांना नमवलं आणि वेसेक्स इंग्रजांकडेच राहिलं. डॅनिश लोक शेतकरी म्हणून स्थिरावले ते उत्तर आणि पूर्व इंग्लंडात. तिथून हा शब्द काही शतकांत दक्षिणेकडे सरकला.

असं रोजचं क्रियापद उसनं घेणं दुर्मीळ आहे. भाषा परकी नामं बिनदिक्कत उचलतात, क्रियापदांबाबत मात्र हात आखडता घेतात. कारण त्यांना काळाचे, वचनाचे प्रत्यय जोडावे लागतात. म्हणून आपण ‘डाउनलोड करणे’ म्हणतो आणि प्रत्ययांचं ओझं घरच्या ‘करणे’वर टाकतो. अरबी ‘बदल’वरून ‘बदलणे’ मराठीत रुळलं खरं, पण ‘घेणे’, ‘देणे’, ‘खाणे’ यांना फारसीत कारभार चालवणाऱ्या राजवटींतही धक्का लागला नाही.

मग इंग्रजीतच हे कसं घडलं? इंग्रजी आणि डॅनिशांची भाषा सख्ख्या चुलत बहिणी होत्या. ‘ताका’चा भूतकाळ ‘तोक’. इंग्रजीत ‘हलवणे’ या अर्थाच्या क्रियापदाची रूपंही याच साच्यातली होती, आजचं ‘शेक-शुक’ त्यातलंच. पाहुण्याला घरातला साचा तयार मिळाला आणि ‘टेक-टुक’ बसून गेलं.

हा अनियमित भूतकाळ टिकला तो वापरामुळे. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली. त्यांतली ९८ आजही अनियमित आहेत. जे क्रियापद कमी वापरात, ते लवकर नियमित होतं. रोज तोंडी असलेलं तसंच राहतं.

‘निमन’ पुरतं मेलं नाही. बधिर या अर्थाच्या ‘नम’मध्ये आणि चपळ या अर्थाच्या ‘निंबल’मध्ये ते शिल्लक आहे. पुढे त्याच्या ‘निम’ या रूपाचा अर्थ ‘चोरणे’ एवढाच उरला आणि शेक्सपिअरने आपल्या एका चोरट्या शिपायाचं नावच निम ठेवलं.