टचपॅड बदलण्यापूर्वी

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले चोपडा हे जुने व्यापारी गाव. गुजराती आणि मारवाडी घरांत हिशेबाच्या वहीलाही चोपडाच म्हणतात आणि दिवाळीत तिचे पूजन होते. आज अनेक पेढ्यांवर लाल कापडी बांधणीची वही पूजेपुरती उरली असून खरा चोपडा लॅपटॉपमध्ये गेला आहे. रोजकीर्द, खतावणी, उधारी, मालाचा साठा, ई-वे बिल आणि जीएसटीची विवरणपत्रे हे सारे त्या एका यंत्रात असते. म्हणूनच त्याचा एखादा लहानसा भाग बिघडला तरी पेढीचे काम अडते.

असा वारंवार बिघडणारा भाग म्हणजे कीबोर्डच्या खालची, बोट फिरवण्याची गुळगुळीत पट्टी. तिला कोणी टचपॅड म्हणतात, कोणी ट्रॅकपॅड. मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर आलेली असावी आणि नेमका कर्सर जागचा हलू नये किंवा पट्टी दाबूनही क्लिक होऊ नये, हा प्रसंग अनेक व्यापाऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्यावरचा रूढ उपायही ठरलेला आहे. काही शे रुपयांचा माऊस आणायचा, लॅपटॉपला जोडायचा आणि काम पुढे चालू करायचे. काम चालू झाले की पट्टीचा विसर पडतो. उपाय स्वस्त आहे आणि पुष्कळदा योग्यही आहे. मात्र एका परिस्थितीत तो घातक ठरतो, आणि ती परिस्थिती खानदेशात दुर्मिळ नाही.

ती ओळखण्यासाठी या पट्टीचे काम कसे चालते हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. पट्टीच्या काचेखाली किंवा प्लॅस्टिकखाली सूक्ष्म विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. माणसाचे बोट विद्युतवाहक असल्याने ते जवळ येताच त्या ठिकाणचा विद्युतभार साठवण्याचा गुण किंचित बदलतो. हा बदल कोठे झाला ते एक चिप मोजते आणि कर्सर त्याप्रमाणे हलतो. म्हणून कोरड्या लाकडी काडीने किंवा जाड हातमोजा घालून ही पट्टी चालत नाही. आजच्या स्वरूपाच्या टचपॅडचे श्रेय जॉर्ज गर्फाइड या अमेरिकी संशोधकाला दिले जाते. १९९४ साली ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत ही पट्टी आली आणि पुढे ती सर्वच लॅपटॉपमध्ये रूढ झाली. अशा पट्ट्या बनवणारी सिनॅप्टिक्स ही प्रसिद्ध कंपनी १९८६ साली फेडेरिको फॅगिन आणि कार्व्हर मीड यांनी स्थापन केली. फॅगिन हे इंटेलच्या १९७१ च्या ४००४ या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक.

बोटाची हालचाल अशी विजेवर ओळखली जाते, पण क्लिक बहुतेक लॅपटॉपमध्ये अगदी साध्या यांत्रिक रीतीने होते. पट्टी वरच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते आणि खालच्या कडेखाली एक बारीक बटण असते. पट्टी दाबली की ती केसभर खाली जाते आणि बटण दाबले जाते. म्हणजे क्लिक होण्यासाठी पट्टीखाली थोडी मोकळी जागा असणे आवश्यक आहे. ॲपलच्या २०१५ पासूनच्या बहुतेक मॅकबुकमधील पट्टी मात्र प्रत्यक्षात खाली जात नाही. विद्युतचुंबकाच्या कंपनाने बोटाला क्लिकचा भास होतो, त्यामुळे यंत्र बंद असताना ती दाबली तर काहीच जाणवत नाही.

पट्टी चालेनाशी झाली म्हणजे ती खराबच झाली असे समजण्याचे कारण नाही. हिशेबनिसाला हा न्याय चांगला ठाऊक असतो. तेरीज जुळत नाही म्हणून कोणी तेरीज फाडून नवी लिहीत नाही. मागे जाऊन रोजकीर्दीतली मूळ नोंद शोधतो. येथेही तसेच करावे. पहिली गोष्ट म्हणजे कीबोर्डच्या वरच्या ओळीतील एका बटणावर पट्टीचे चित्र असते आणि ते चुकून दाबले गेले तर पट्टी बंद होते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचे की नाही, असाही एक पर्याय असतो. तो बंद असेल आणि बिनतारी माऊसचे छोटे यंत्र मागे अडकून राहिलेले असेल, तर पट्टी निर्जीव भासते. दुसरी गोष्ट ओलावा आणि तेल. घामेजल्या किंवा तेलकट बोटांनी कर्सर उड्या मारू लागतो. यंत्र बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने पट्टी पुसली की हा दोष बहुधा जातो.

तिसरे कारण जुन्या बाजारपेठांतील दुकानांत विशेष आढळते. चार्जर लावला की कर्सर थरथरतो आणि चार्जर काढला की शांत होतो. अशा वेळी दोष पट्टीत नसून चार्जरमध्ये किंवा विजेच्या जोडणीत असतो. भिंतीतल्या पॉइंटला अर्थिंग नसणे हे त्याचे नेहमीचे कारण. यावर टचपॅड बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेथे वायरमनला बोलवावे. अर्थिंग नीट झाल्याने कर्सरच नव्हे, दुकानातली माणसेही सुरक्षित होतील.

आता मुख्य मुद्दा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मागच्या बाजूला असे आणि खटका सरकवून बाहेर काढता येई. आजच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये ती चपटी असून आतच बसवलेली असते आणि अनेक नमुन्यांत नेमकी टचपॅडच्या खाली किंवा लगत असते. ही बॅटरी लिथियम-आयन जातीची. १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली आणि तिच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ही बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा दीर्घकाळ पूर्ण भरलेली राहिली, तर आतील द्रावाचे विघटन होऊन वायू तयार होतो. वायूला बाहेर पडायला वाट नसल्याने बॅटरीचे पाकीट पापडासारखे फुगते आणि वरच्या पट्टीला खालून रेटते. पट्टीखालची ती केसभर जागा संपते आणि क्लिक बंद होतो. पुढे पट्टी एका कडेने वर येते, तिच्या भोवतीची फट असमान होते, मनगट टेकण्याचा भाग उंचावतो आणि सपाट टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगू लागतो.

ही लक्षणे दिसत असतील तर पट्टी निर्दोष आहे आणि ती खालच्या धोक्याची सूचना देत आहे. माऊस लावून काम पुढे रेटल्याने ती सूचना तेवढी झाकली जाते. फुगलेली बॅटरी टोचली गेली, दाबली गेली किंवा पुन्हा चार्ज होत राहिली, तर आत शॉर्टसर्किट होऊन ती पेट घेऊ शकते आणि तिचा धूर विषारी असतो. कापसाच्या गाठी, कापडाचे ठाण किंवा कागदपत्रांचे गठ्ठे असलेल्या जागी याचा अर्थ काय, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. मोठ्या कंपन्यांनाही अशा धोक्यामुळे माल परत घ्यावा लागला आहे. डेलने ऑगस्ट २००६ मध्ये लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. ॲपलने जून २०१९ मध्ये २०१५ च्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही यंत्रांतील बॅटऱ्या विनामूल्य बदलून दिल्या. म्हणून आपल्या यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासून पाहणे हितावह असते.

खानदेशात ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण बॅटरीला उष्णतेचे वावडे आहे. ॲपल आपल्या लॅपटॉपच्या वापरासाठी १० ते ३५ अंश सेल्सियस तापमान सांगते. जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुष्कळ वर जातो. त्यात पेढीवर लॅपटॉप बहुधा गादीवरच ठेवलेला असतो. गादीमुळे खालच्या जाळीतून हवा आत जात नाही, कापसाचा तंतू आणि धूळ पंख्यात अडकते आणि चार्जर सकाळपासून रात्रीपर्यंत जोडलेलाच राहतो. उष्णता आणि पूर्ण भार या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. मुनीमजींची उतरत्या झाकणाची लाकडी पेटी अजून घरात असेल, तर लॅपटॉपसाठी तिच्या सपाट भागासारखी चांगली जागा नाही. नसेल तर साधी फळीही चालते. शिवाय बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास भरली की चार्जिंग थांबवण्याची सोय आता अनेक कंपन्या देतात. दिवसभर विजेवर चालणाऱ्या यंत्रात ती जरूर चालू करावी.

बॅटरी फुगल्याचा संशय आला तर लॅपटॉप लगेच बंद करावा आणि चार्जर काढावा. वर आलेली पट्टी दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि घरातल्या पेचकसाने झाकण उघडू नये. यंत्र माल व कागदांपासून दूर, उघड्या फरशीवर ठेवावे आणि जाणकार कारागिराला बोलवावे. जळगावला न्यायचेच असेल तर बंद स्थितीत, कठीण खोक्यात, वर ओझे न ठेवता न्यावे; एसटीच्या गर्दीत पिशवीत कोंबून नव्हे. फुगलेली बॅटरी विमानाने पाठवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मनाई आहे, त्यामुळे ती कुरियरच्या पाकिटात घालण्याचा विचारही करू नये. बदललेली जुनी बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून ती कंपनीच्या सेवा केंद्राकडे किंवा अधिकृत संकलकाकडेच द्यावी. नवी बॅटरी बसली की बहुतेक वेळा जुनीच पट्टी पूर्ववत चालू लागते.

हे सर्व तपासूनही पट्टीच निकामी ठरली, म्हणजे तिच्यावर पाणी किंवा चहा सांडला असेल, काच तडकली असेल किंवा बटण झिजले असेल, तर ती बदलावी लागते. काम फार अवघड नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. मागचे झाकण काढल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवायची असते. त्यानंतर पट्टीची कागदासारखी पातळ रिबन केबल तिचा खटका उघडून अलगद काढतात, स्क्रू सोडवून जुनी पट्टी बाजूला करतात आणि नवी बसवतात. काही नमुन्यांत पट्टी सुटी मिळत नाही व मनगट टेकण्याचा संपूर्ण वरचा भागच बदलावा लागतो, त्यामुळे खर्च वाढतो. नाव तेच असलेल्या दोन लॅपटॉपमध्येही वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या असू शकतात. म्हणून यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक आणि जुन्या पट्टीवरील क्रमांक पाहूनच भाग मागवावा. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत मूळ कंपनीचा, अन्य उत्पादकाचा आणि जुन्या यंत्रातून काढलेला असे तिन्ही प्रकारचे भाग मिळतात. यांपैकी कोणता बसवणार हे आधी विचारून बिलावर लिहून घ्यावे.

यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी हिशेबाची प्रत काढणे अनिवार्य समजावे. पट्टी चालत नसली तरी टॅलीत सर्व कामे कीबोर्डवरून होतात. विक्रीला एफ८, खरेदीला एफ९ हे तर मुनीम झोपेतही सांगतील. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबली की डेटाचा विभाग उघडतो व तेथून बॅकअप घेता येतो. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र त्यासाठी यंत्र पुन्हा चालू करू नये. रोज संध्याकाळी प्रत काढण्याची सवय अशाच दिवसासाठी असते. डिजिटल सहीचा टोकन काढून घ्यावा आणि नेट बँकिंगचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर ते दुसऱ्या यंत्रावरून त्वरित बदलावेत. कारागीर कितीही विश्वासू असला तरी ओटीपी कोणालाही सांगू नये.

काम झाल्यावर काढलेला जुना टचपॅड परत मागावा. पेढीचा जीएसटी क्रमांक घातलेले पक्के बिल घ्यावे, म्हणजे कराचे क्रेडिट मिळते आणि खर्च दुरुस्ती खाती पडतो. हमी किती दिवसांची, हेही त्यावर असावे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू केले असून, सहभागी कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती तेथे एकत्र मिळते.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, हा प्रश्न शेवटी उरतो. संगणकावर आयकरासाठी ४० टक्के घसारा मिळतो. त्यामुळे ५०,००० रुपयांचा लॅपटॉप पूर्ण तीन वर्षांनी वहीत केवळ १०,८०० रुपयांचा दिसतो आणि त्यावर खर्च करणे जिवावर येते. परंतु घसारा ही कराची गणना आहे. यंत्र किती काम देते हे त्यावरून ठरत नाही. हिशेब आणि विवरणपत्रे यांसाठी चार-पाच वर्षांचा लॅपटॉपही पुरेसा असतो. बॅटरी किंवा टचपॅड बदलून तो आणखी दोन-तीन वर्षे चालणार असेल, तर तुलना वहीतल्या किमतीशी न करता नव्या यंत्राच्या किमतीशी करावी.

येत्या दिवाळीत पूजेच्या पाटावर लॅपटॉप ठेवण्यापूर्वी तो एकदा सपाट फरशीवर ठेवून पाहावा. डुगडुगला, तर त्या संध्याकाळी दिव्याजवळ वहीच ठेवावी आणि लॅपटॉप कारागिराकडे द्यावा.